आत घट्ट, बाहेर सैल

पाणी उकळतं तेव्हा नेमकं काय तुटतं? हा प्रश्न सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये टाकून बघा. बारावी सायन्स केलेले, इंजिनीअरिंग केलेले, एमबीए करून आता फार्मा कंपनीचं मार्केटिंग बघणारे, सगळे क्षणभर चहाच्या कपाकडे बघतील. मग कुणीतरी एकदम कॉन्फिडन्टली सांगेल, ‘पाण्याचा रेणू तुटतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात.’ बाकीचे माना डोलावतील. आता विचार करा, असं खरंच होत असतं तर चहाचं आधण ठेवल्यावर ओट्याशी काय झालं असतं? हायड्रोजन, ऑक्सिजन आणि खाली पेटलेला बर्नर. बॉस, किचन उडालं असतं!

वाफ म्हणजे पाणीच. तोच रेणू, तसाच अख्खा. एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन धरून आहेत, ते उकळल्यावरही धरूनच असतात. सुटते ती एका रेणूची शेजारच्या रेणूवरची पकड. अठरा ग्रॅम पाणी, म्हणजे साधारण चार चमचे, त्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच पाणी मोडून त्यातला प्रत्येक अणू सुटा करायचा म्हटलं तर सव्वानऊशेच्या आसपास. फरक बघा, बावीस-तेवीस पटींचा! पुस्तकात पहिल्या पकडीचं नाव रासायनिक बंध आणि दुसरीचं आंतररेण्वीय बल. दोन वेगळे चॅप्टर, त्यामुळे आपण दोन वेगळे दिवस लावून पाठ केले आणि परीक्षेनंतर दोन्ही एकत्र विसरलो. मी त्यांना सोयीसाठी ‘घरातलं’ आणि ‘शेजारचं’ म्हणते.

या वेळी हे डोक्यात आलं ते चिंचणीमुळे. वीकेंडला कुठे जायचं, याच्या याद्यांमध्ये हल्ली हे गाव असतं. पश्चिम रेल्वेने बोईसर, तिथून रिक्षा किंवा एसटी, सुरूची झाडं आणि मोकळा किनारा. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावायला लागली तेव्हापासून तर पोहोचणं आणखी सोपं झालं. पण सुरूच्या सावलीत बसून फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येतं की केमिस्ट्रीचा अख्खा पहिला पेपर या गावाच्या आसपास पसरलेला आहे. दक्षिणेला तारापूर, तिथलं १९६९ पासूनचं अणुवीज केंद्र. आत बोईसरच्या बाजूला तारापूर एमआयडीसी, म्हणजे औषधं, रंग, कापड, सॉल्व्हंट. आणि समोर समुद्र, ज्याला या सगळ्याचा हिशेब द्यावा लागतो.

सुरुवात खाण्यापासून करू, कारण चिंचणीला जाऊन कुणी पिरिऑडिक टेबल बघत नाही. या पट्ट्यात वरोरपासून डहाणूपर्यंत बोंबील वाळत घातलेले दिसतात. बांबूच्या वलांडीवर जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून. ओला बोंबील म्हणजे बहुतांशी पाणीच, म्हणून तर तो हातात धरवत नाही. ऊन आणि वारा मिळून त्यातलं ‘शेजारचं’ तोडतात, पाणी उडून जातं. त्याचे प्रोटीन वगैरे जे घट्ट बंधांनी बांधलेलं, ते मागे राहतं. वाळवण हा सगळा आंतररेण्वीय बलांचा धंदा आहे, आणि तो आपल्या मांगेला आणि कोळी बायका कुठलीही लॅब न बघता पिढ्यान्‌पिढ्या करतायत.

पाण्यात ही शेजारची ओढ जरा जास्तच असते, आणि त्याचं कारण हायड्रोजन बंध. नाव ‘बंध’ असलं तरी हा घरातला नव्हे, शेजारचाच. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, हायड्रोजन किंचित उघडा पडतो आणि मग शेजारच्या पाण्यातल्या ऑक्सिजनकडे कलतो. एवढंच. पण त्या एवढ्याशा कलण्यावर समुद्र उभा आहे. हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्यांचा वास, आठवला?) हा पाण्याचाच चुलतभाऊ, वजनाने जवळजवळ दुप्पट. तो उणे साठ अंशालाच उकळतो. पाण्यालाही इतकीच ढिली पकड असती तर चिंचणीला किनाराच नसता, सगळा समुद्र हवेत. या बंधाची व्याख्या नेमकी काय करायची, यावर शास्त्रज्ञ किती वर्षं भांडले असतील? आंतरराष्ट्रीय संघटना आययूपॅकने नवी व्याख्या स्वीकारली ती थेट २०११ मध्ये. ती ठरवणाऱ्या गटाचं नेतृत्व बेंगळुरूच्या आयआयएस्सीच्या ई. अरुणन यांच्याकडे होतं, आणि गटात मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झालेले गौतम देसिराजूही होते. आपल्याला मात्र ती तुटक टिंबांची रेघ तेवढी आठवते.

आता ताटातला मासा. मासा आला की लिंबाची फोड आलीच. का पिळतो आपण? चवीसाठी, बरोबर. पण वासाचं काय होतं? माशाचा जो टिपिकल वास, त्यात मोठा वाटा ट्रायमिथाइल अमाइन नावाच्या पदार्थाचा. त्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ इतकी कमी की तो तीन अंशालाच उकळतो, म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलावर तो वायूच. नाकापर्यंत पोहोचायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. लिंबाचं आम्ल पडलं की त्याला एक हायड्रोजन आयन चिकटतो आणि तो चक्क क्षार बनतो. आता त्याच्यावर विद्युतभार आहे, आता त्याला पाणी आणि उलट भाराचे आयन धरून ठेवतात. उडून जाणं बंद, वास बंद. शेजाऱ्याशी फारसं देणंघेणं नसलेला रेणू एका थेंबाने जागेवर बसला. कोकम आणि चिंच हेच काम करतात. आजीने सांगितलं असतं तर आपण ऐकलं नसतं, ‘अमाइनचं प्रोटोनेशन’ म्हटलं की एकदम भारी वाटतं.

घरातलं आणि शेजारचं हा फरक जिथे लागूच पडत नाही, अशाही वस्तू असतात. मीठ घ्या. मिठात ‘रेणू’ नावाचं काही नाहीच. सोडियम, क्लोरीन, सोडियम, क्लोरीन, अशी न संपणारी वाळी, अधिक-उणे, अधिक-उणे. सगळेच सगळ्यांचे शेजारी आणि सगळेच घरचे. म्हणून ८०१ अंशापर्यंत वितळत नाही. पण खडेमिठावर बत्ता मारा, ताडकन फुटतं. एक थर जरासा सरकला की अधिकसमोर अधिक येतो आणि ते एकमेकांना ढकलून देतात. घट्ट आहे, पण समजूतदार अजिबात नाही.

धातू बरोबर उलटा. तांब्यावर हातोडा मारा, ते फुटत नाही, पसरतं. कारण तांब्याच्या अणूंनी आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्यांच्या मालकीचे करून टाकलेत. थर सरकले तरी इलेक्ट्रॉनांचा तो सामायिक साठा सगळ्यांना धरून असतो. चिंचणीकडे याचा हजार वर्षांचा पुरावा आहे. १९५५ मध्ये इथल्या जमिनीत ताम्रपट सापडले. त्यातला सर्वात जुना शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यातली बातमी आजच्या न्यूज चॅनेलला पचायची नाही. संजाण प्रांताचा कारभार तेव्हा राजाच्या वतीने एक अरब बघत होता. ताम्रपटातलं त्याचं नाव मधुमती, अभ्यासकांच्या मते मुहम्मदचं संस्कृत रूप. त्याने दोन नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली, अन्नछत्र घातलं आणि तिथे भात, कालवण आणि तूप वाढलं जायचं. मेन्यूसकट माहिती, बघा! हे सगळं पत्र्यावर कोरलं, मातीत हजार वर्षं पडलं आणि वाचता आलं. कागदावर असतं तर सेल्युलोजचे बंध कधीच किड्यांनी आणि दमट हवेने निकालात काढले असते. मिठाच्या फरशीवर असतं तर पहिल्याच पावसाळ्यात. तांबं ठोकून पत्रा करता येतो, पत्र्यावर छिन्नी चालवता येते आणि तरी तो तुटत नाही, हे तीनही गुण एकाच धातूच्या बंधाचे.

आणि योगायोग असा की धातूवर कोरण्याचं काम या भागात अजून चालतं. चिंचणी आणि आसपासच्या गावांमध्ये डायमेकिंग हा घरोघरचा धंदा, सोन्याच्या दागिन्यांच्या नक्षीचे साचे बनवायचा. तुमच्या बहिणीच्या लग्नातल्या बांगडीवरचं किंवा झुमक्यावरचं फूल कदाचित इथल्याच एखाद्या कारागिराने उलटं कोरलेलं असेल. डाय कडक पोलादाची, वर ठेवायचा तो सोन्याचा पत्रा मऊ. दोन्ही धातूच, दोन्हीकडे तोच सामायिक इलेक्ट्रॉनांचा फंडा, मग एक मऊ आणि एक कडक का? पोलादात लोखंडाच्या मोठ्या अणूंच्या मध्ये कार्बनचे बारके अणू घुसून बसलेले असतात. गर्दीच्या डब्यात कुणी दारातच बॅग घेऊन बसावं तसे. थरांना सरकायचं असतं, हे सरकू देत नाहीत. सोन्यात अशी अडवणूक नाही, म्हणून ते दाबलं की नक्षीत निमूट जाऊन बसतं. हातावर पोट असलेल्या या धंद्यात आता कॉम्प्युटरवर चालणारी मशिन्स आली आहेत. ती कारागिराचं काम खातात. कार्बनचं काम मात्र त्यांनाही खाता आलेलं नाही.

इथून एमआयडीसी लांब नाही, आणि तुमचा वॉर्डरोबही. नवा कुर्ता पहिल्या धुण्यात बादली लाल करतो, दुसरा वर्षभर वापरला तरी जातो तसा राहतो. ब्रँडचा फरक असेलही, पण मुळात फरक आहे तो पकडीचा. सुती कापडाचे काही रंग धाग्याला फक्त शेजारच्या बलांनी धरून असतात, हायड्रोजन बंध वगैरे. गरम पाणी आणि साबण आला की हात सोडतात. दुसऱ्या प्रकारचे, रिॲक्टिव्ह डाय म्हणतात ते, धाग्याच्या सेल्युलोजशी सरळ सहसंयुज बंध जोडतात. घरातलेच होऊन जातात. १९५६ मध्ये असे रंग बाजारात आले आणि सुती कपडा न घाबरता धुता यायला लागला. पण रंगाच्या टाकीतला सगळाच रंग धाग्यापर्यंत पोहोचत नाही. काही रेणू धाग्याऐवजी पाण्याशीच जोडी जमवतात, आणि मग ते कुठल्याच कपड्याच्या कामाचे उरत नाहीत. ते जातात सांडपाण्यात.

आता इथे आपला दोन पकडींचा हिशेब एकदम गंभीर होतो. सांडपाण्यातून काय सहज काढता येतं? ज्याचं पाण्याशी जमत नाही ते. टोल्यूइनसारखं सॉल्व्हंट बरंचसं वर तरंगतं, वरचेवर काढून घेता येतं. गाळ तळाला बसतो, उपसता येतो. पण मिथेनॉल, ॲसिटोन, डीएमएफ ही मंडळी पाण्याशी पूर्ण मिसळतात, कारण पाण्याशी हायड्रोजन बंध करायला त्यांच्याकडे जागा आहे. रंगांच्या रेणूंना तर मुद्दाम विद्युतभाराचे हातपाय लावलेले असतात, पाण्यात विरघळावेत म्हणून. हे साध्या गाळणीने गाळून निघत नाही. मग मुख्य रस्ता उरतो तो रेणूच्या आतले बंध तोडायचा. ते काम हवा खेळवलेल्या टाकीत बॅक्टेरिया करतात, हळूहळू, आणि त्यांना प्रत्येक गोष्ट पचतेच असं नाही. किती तोडायचं बाकी आहे, हे मोजायचा जो आकडा, तो सीओडी, रासायनिक प्राणवायूची मागणी. एन्व्हायर्नमेंट ऑफिसर असलेल्या मित्राच्या तोंडून हा शब्द तुम्ही ऐकला असेल, सहसा शिवीबरोबर.

तारापूरच्या कारखान्यांसाठी जे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र होतं त्याची क्षमता होती दिवसाला २५ दशलक्ष लिटर, आणि येणारं पाणी त्याहून जास्त. प्रक्रिया केलेलं पाणी नळाने नवापूरच्या समुद्रात सोडायचं, अशी व्यवस्था. खाडीत आणि किनाऱ्यावर मेलेले मासे दिसायला लागले तेव्हा तक्रार घेऊन कोण गेलं? केमिस्ट नाहीत, मासेमार. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे २०१६ मध्ये अर्ज केला. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखाने आणि प्रक्रिया केंद्र, दोघांनाही पर्यावरण भरपाई भरायला सांगितलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘समुद्रात गेलं की डायल्यूट होतं’ हे वाक्य या वादात सतत ऐकू येतं, आणि माझ्या मते घोळाचं मूळ तिथेच आहे. डायल्यूट झालं म्हणजे रेणू एकमेकांपासून लांब गेले. तुटले असं नाही. मासा ज्या पाण्यातून श्वास घेतो, त्यातलाच प्राणवायू मग बॅक्टेरिया ते बंध तोडण्यासाठी वापरतात. टाकीत जे तोडायचं राहिलं, ते तोडण्याचं बिल माशाच्या नावावर.

आणि आता या सगळ्यातला सर्वात साधा, सर्वात सज्जन दिसणारा रेणू. नायट्रोजन. हवेत ७८ टक्के तोच. दोन अणू, मध्ये तिहेरी बंध, तोडायला ९४५ किलोज्यूल. घरात इतकी घट्ट जोडी क्वचित सापडते. आणि शेजाऱ्यांशी? जवळपास शून्य संबंध, उणे १९६ अंशाला उकळतो. आत घट्ट, बाहेर सैल याचं याहून टोकाचं उदाहरण मला तरी माहीत नाही. कशातच पडत नाही, म्हणून औषधाच्या कारखान्यात तो सगळीकडे लागतो. सॉल्व्हंटच्या टाकीत वर हवा राहिली तर ठिणगीचं भय, म्हणून हवा हाकलून नायट्रोजन भरतात.

२१ ऑगस्ट २०२५ ला तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात वायुगळती झाली आणि चार कामगार गेले. पहिल्या बातम्यांमध्ये नायट्रोजनचं नाव होतं. नेमका कुठला वायू, कुठून सुटला, हे ठरवणं तपासाचं काम. पण त्या दिवशी ‘नायट्रोजनने कसं कोण मरेल, तो तर हवेतच असतो’ असं मला विचारणारे शिकलेले लोक होते, त्यातले दोघं फार्मात नोकरी करणारे. म्हणून हा कॉलम.

नायट्रोजन विष नाही. तो तुमच्या रक्ताशी, फुप्फुसाशी काहीच करत नाही, आणि तेच तर वाईट. तो फक्त जागा घेतो, ऑक्सिजनची. हवेत ऑक्सिजन असतो २१ टक्के. तो दहाच्या खाली गेला तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. चार ते सहा टक्क्यांवर बेशुद्धी यायला चाळीस सेकंद पुरतात. गुदमरल्यासारखं वाटत नाही, कारण आपल्या शरीराची घंटा ऑक्सिजन कमी झाल्यावर वाजत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्यावर वाजते. इथे तो तर श्वासाबरोबर छान बाहेर पडत असतो. वास नाही, रंग नाही, ठसका नाही. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने १९९२ ते २००२ या काळातल्या नायट्रोजनच्या अपघातांचा हिशेब काढला, तेव्हा ८० मृत्यू सापडले. मेलेल्या आणि जखमी झालेल्यांत साधारण दहातला एक जण आधीच्याला वाचवायला आत गेलेला होता. आपल्याकडेही टाकीतल्या अपघातांच्या बातम्या नीट वाचा. ‘त्याला वाचवण्यासाठी उतरलेला दुसराही’ हे वाक्य किती वेळा येतं!

तुमच्यापैकी बरेच जण रोज सकाळी बोईसरला उतरतात, कुणी क्यूसीत, कुणी प्रॉडक्शनला, कुणी एचआरमध्ये बसून सेफ्टी ट्रेनिंगच्या हजेरीवर सह्या घेतात. तेव्हा हे प्लीज लक्षात ठेवा. टाकीत किंवा बंद जागेत शिरण्याआधी मीटरने ऑक्सिजन मोजायचा, आणि आकडा १९.५ च्या खाली असेल तर आत जायचं नाही, साहेब कितीही घाईत असला तरी. आत असेपर्यंत मोजत राहायचं, आणि एक माणूस बाहेर, ज्याचं काम फक्त बघणं. आत कुणी पडला तर तसंच उडी मारून जायचं नाही, आधी आरडाओरडा.

आणि तो मास्क. नाकावर लावायचा, दोन्ही बाजूंना डबे असलेला, जो लावला की आपण एकदम सुरक्षित वाटतो. त्या डब्यात असतो सच्छिद्र कार्बन. सॉल्व्हंटच्या वाफेचे रेणू जडजूड, शेजारी कुणी दिसलं की चिकटणारे, ते कार्बनच्या पृष्ठभागाला फक्त व्हॅन डर वाल्स बलाने चिकटतात आणि हवा साफ होते. टोल्यूइनसाठी उत्तम. नायट्रोजन कार्बनला विचारत नाही, सरळ आरपार जातो, आणि डब्यात ऑक्सिजन तयार होत नाही. तिथे पाठीवर हवेचा सिलिंडर लागतो, नाहीतर बाहेरून आणलेली हवेची नळी.